अबोल्याचे अकरा दिवस

मी चौदा वर्षांची असताना माझे वडील माझ्याशी सलग अकरा दिवस बोलले नव्हते. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रोज रात्री पेन्सिलीने एक उभी रेघ ओढत असे, आणि बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी "पाणी तापलंय का?" असे मला थेट विचारले तेव्हा त्या पानावर अकरा रेघा झालेल्या होत्या. कारण अगदी साधे होते. नळाला पाणी आलेले असताना मी मैत्रिणीशी बोलत उभी राहिले, हंडा भरून वाहू लागला आणि चाळीतल्या एका काकूंनी चारचौघांसमोर अप्पांना त्यावरून दोन शब्द सुनावले. अप्पा ओरडले नाहीत, त्यांनी हात उगारला नाही. ते फक्त गप्प झाले. त्या अकरा दिवसांत मी समोर बसलेली असतानाही ते आईला म्हणत, "हिला सांग, दिवा बंद कर म्हणावं." आई माझ्याकडे बघे, मी उठून दिवा बंद करी, आणि पुन्हा सगळे शांत होई.

गेली वीस वर्षे मी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माझ्यासमोर बसणारी मुले-मुली सोळा-सतरा वर्षांची असतात. या वयात पहिले प्रेम होते, पहिली जिवाभावाची मैत्री तुटते, आणि कुणीतरी आपल्याला सोडून जाईल ही भीती पहिल्यांदा नावानिशी समोर उभी राहते. त्यांच्याशी बोलताना माझा एक समज हळूहळू पक्का होत गेला. वडील कडक आहेत की मऊ, मुलांशी खूप बोलतात की मोजकेच, यावरून मुलाच्या मनाच्या स्थैर्याचा अंदाज मला फारसा बांधता येत नाही. वडिलांना राग आल्यानंतर पुढे काय होते, हे कळले की बराच बांधता येतो. रागावलेला बाप परत येतो का, आला तर किती वेळाने येतो, आणि येताना झालेल्या गोष्टीचा उच्चार करतो की काही घडलेच नाही असे दाखवतो, या प्रश्नांची उत्तरे मुले नकळत आपल्याबरोबर पुढच्या प्रत्येक नात्यात घेऊन जातात.

अप्पांवर अन्याय होऊ नये म्हणून आधी त्यांची बाजू सांगते. ते गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याबरोबर आमचे घर उठत असे, आणि हाताखालची माणसे त्यांना मान देत असत, ही गोष्ट आम्हा मुलांनाही ठाऊक होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गिरणी बंद पडली. देणी अडकली. काही महिने अप्पा रोज सकाळी कपडे करून गेटपर्यंत जात आणि तिथल्या लिंबाच्या झाडाखाली इतर कामगारांबरोबर बसून दुपारी परत येत. नंतर ते पूर्व भागातल्या एका यंत्रमागावर कामाला लागले, जिथला मालक त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. आई सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन विड्या वळू लागली. हंडा वाहिला तो याच वर्षी. चाळीतल्या त्या बाईंच्या बोलण्यात "आता घरीच असता ना, जरा लक्ष ठेवा" असे एक वाक्य होते, हे मला आईने फार उशिरा सांगितले. त्या वाक्याचा घाव कुठे बसला असेल, हे मला पस्तिशीत समजले. चौदाव्या वर्षी मला एवढेच समजले होते की माझ्या एका चुकीमुळे वडील नाहीसे होऊ शकतात, आणि तेही माझ्यासमोर बसलेले असताना.

त्यानंतर मी घरात एक नवीन विद्या शिकले. अप्पा संध्याकाळी आले की उंबऱ्यापाशी चपला काढत. दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्याचा हलका आवाज आला तर दिवस बरा गेलेला असे. एक चप्पल भिंतीवर आपटून उलटी पडली, तर मी हातातले पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसे. धाकट्या भावाला मी डोळ्यांनी खुणावत असे. अभ्यास करताना माझा एक कान कायम दाराकडे लागलेला असे. 1994 साली पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या 'भावनिक सुरक्षितते'विषयी एक मांडणी प्रसिद्ध केली. घरातल्या तणावाचा मुलावर होणारा परिणाम त्या तणावाच्या आवाजावर जितका अवलंबून असतो, तितकाच या भांडणाने आपले घर मोडणार का, या मुलाच्या मनातल्या प्रश्नाच्या उत्तरावरही असतो, असे ते म्हणतात. ज्या मुलाला त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते मूल सतत पहाऱ्यावर उभे राहते. पदव्युत्तर शिक्षण घेताना हा विषय पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला त्या चपलांचा आवाज ऐकू आला होता, आणि ग्रंथालयातून उठून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते.

ही पहाऱ्याची सवय माझ्या संसारातही आली. माझे पती मितभाषी आहेत. नोकरीवरून आले की हातपाय धुऊन अर्धा तास पेपर वाचतात. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे त्या अर्ध्या तासात माझ्या पोटात गोळा येत असे. "माझं काही चुकलं का?" असे मी विचारी, ते "नाही" म्हणत, दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारी. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज किंचित चढे, आणि मग मला वाटे की बघा, राग होताच. एकदा त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी दमलोय. दमणं आणि रागावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग आला तर मी तुला सांगेन, एवढं कबूल करतो." त्यांनी ते पाळले म्हणून मी आज हे लिहू शकते. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 साली असे मांडले की लहानपणी मूल आणि त्याला सांभाळणारी माणसे यांच्यात जो बंध तयार होतो, त्याच जातीचा बंध मोठेपणी जोडीदारांमध्ये दिसतो. काहींना जवळीक सहज झेपते, काही जण जवळ येऊनही कायम धास्तावलेले राहतात, तर काही जण जवळीक नकोच म्हणून दूर राहतात. मी कोणत्या गटात मोडत होते हे वेगळे सांगायला नको.

या बंधाला इंग्रजीत अ‍ॅटॅचमेंट म्हणतात. वर्गात मी 'भावबंध' हा शब्द वापरते. या शास्त्राचा पाया घालणारे जॉन बोल्बी यांचा सुरुवातीचा सगळा भर आईवर होता. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी 1951 साली लिहिलेल्या अहवालाच्या नावातच माता आहे, पिता नाही. आपल्याकडे तर यासाठी शास्त्राची गरजही नव्हती. मुलांचे मन आईने सांभाळायचे आणि वडिलांनी फी भरायची, ही वाटणी घराघरांत ठरलेलीच होती. पण 1964 साली रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या 60 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले की दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश बाळांचा वडिलांशीही बंध जुळलेला होता. म्हणजे वडील त्या चित्रात पहिल्यापासून होते. त्यांच्याकडे पाहायला अभ्यासकांना उशीर झाला.

या विषयातला माझा सर्वांत आवडता अभ्यास जर्मनीतला आहे, आणि दर वर्षी पालकसभेत मी तो सांगते. कारिन आणि क्लाउस ग्रॉसमन या दांपत्याने 44 कुटुंबांचा मागोवा मुले अगदी लहान असल्यापासून ती सोळा वर्षांची होईपर्यंत घेतला आणि 2002 साली त्याचे निष्कर्ष मांडले. मूल दोन वर्षांचे असताना वडील त्याच्याबरोबर कसे खेळतात हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. वडिलांनी मुलाच्या हातातले काम काढून घेतले का, चुकल्यावर हसले का, मुलाला जेमतेम जमेल असे पुढचे पाऊल सुचवले का, आणि मूल कंटाळले तेव्हा ते त्यांच्या लक्षात आले का, अशा गोष्टी त्यांत होत्या. ज्यांचे वडील समजून घेत आणि थोडे आव्हान देत खेळले होते, ती मुले सोळाव्या वर्षी जवळच्या नात्यांविषयी अधिक विश्वासाने आणि मोकळेपणाने बोलत होती. 44 कुटुंबे हा आकडा लहान आहे आणि जर्मनीतले घर म्हणजे आपल्याकडचे आजी, काका, आत्या असलेले घर नव्हे, हेही मी पालकांना सांगते. तरीसुद्धा त्यातले मर्म आपल्या लोकांना चटकन कळते, कारण विहिरीत पोहायला शिकवणारा बाप आपण पाहिलेला असतो. मुलाच्या पाठीला रिकामा डबा बांधलेला असतो, बाप पाण्यात एक हात अंतरावर असतो, मूल गटांगळी खाते तोवर तो थांबतो, पण दुसरी खाऊ देत नाही. पुढच्या वेळी तो अर्धा हात आणखी मागे सरकतो. मूल पोहायला तर शिकतेच, शिवाय बुडायला लागलो तर हात येतो हेही शिकते.

किशोरवयात ही विहीर बदलते. मूल आता मित्रांमध्ये, मोबाइलमध्ये, कुणाच्या तरी प्रेमात उडी घेते आणि बाप काठावर उभा राहून ओरडतो, किंवा पाठ फिरवून घरी निघून जातो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात हीच दोन चित्रे पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या ओळखी लपवण्यासाठी मी तपशील बदलून लिहीत आहे.

बारावीतली एक मुलगी होती, अभ्यासात उत्तम. तिचा मित्र तिला सर्वांसमोर टाकून बोलत असे, कोणाशी बोललीस याचा हिशेब मागत असे, आणि एकदा त्याने तिचा फोन रस्त्यावर आपटला होता. मी तिला विचारले की हे तुला कसे चालते? ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, जीव आहे म्हणून रागावतो. आमचे पप्पापण असेच आहेत. आईवर फार जीव आहे त्यांचा." ती त्याची बाजू घेत नव्हती, मला समजावून सांगत होती. तिच्या घरात राग आणि माया एकाच भांड्यातून वाढली जात होती, आणि ती दोन्ही वेगळी करता येतात हे तिने कधी पाहिलेलेच नव्हते. रागानंतर वडील नवे कपडे आणत, सगळ्यांना बाहेर जेवायला नेत, पण झाल्या प्रकाराविषयी एक अक्षर बोलत नसत. फोन फुटल्यावर त्या मित्रानेही दुसऱ्याच दिवशी नवा फोन आणून दिला होता. तिला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

एक मुलगा याच्या नेमका उलट, म्हणजे धास्ती देणारा नव्हे तर धास्तावलेला होता. मैत्रिणीने निरोप वाचून उत्तर दिले नाही की तो वर्गात बसू शकत नसे. दिवसातून वीस वेळा तू कुठे आहेस असे विचारल्यामुळे ती मुलगी कंटाळून दूर झाली आणि हा पार कोलमडला. त्याचे वडील चांगले गृहस्थ आहेत, व्यसन नाही, कष्ट भरपूर. वडिलांशी शेवटचे कधी बोललास, या प्रश्नावर तो बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "निकाल लागला तेव्हा किती टक्के विचारलं होतं." वडील घरात होते, पण त्यांचे मन मुलाच्या ठायी आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. मग प्रत्येक नात्यात तो ती खात्री तासातासाला मागत राहिला.

आणि तिसरी मुलगी मला मुद्दाम आठवते, कारण वडिलांना वेळच नसतो या सबबीचे उत्तर तिच्याकडे आहे. तिचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, बारा तासांची. सकाळी आठच्या सुमारास ते घरी येतात तेव्हा ती कॉलेजला निघत असते. चहा न घेता ते तिची सॅक स्वतःच्या खांद्याला अडकवतात आणि कन्ना चौकापर्यंत तिच्याबरोबर चालत जातात. रिक्षा मिळेपर्यंत थांबतात. एवढाच त्यांचा दिवसातला सहवास, जेमतेम पंधरा मिनिटांचा. कानांत रात्रभराच्या मागांचा खडखडाट भरलेला असल्यामुळे त्यांना नीट ऐकूही येत नाही, म्हणून ती मोठ्याने बोलते, आणि रस्त्याने जाणारी माणसे वळून पाहतात. आदल्या दिवशी घरात भांडण झालेले असले तरी ही पंधरा मिनिटे चुकत नाहीत, असे तिने सांगितले. "भांडलो तर गप्प चालतो, मॅडम. पण चालतो." मैत्रिणींमधल्या रुसव्याफुगव्यांत ही मुलगी ज्या निर्धास्तपणे वावरते, ते पाहून मला त्या न ओळखीच्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

आता माझ्या घरातली गोष्ट. गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, माझी सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर गड्ड्याला, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेला, गेली. साडेसातपर्यंत येते म्हणाली होती. सव्वाआठ झाले, नऊ झाले, फोन लागेना. होम मैदानावरच्या त्या गर्दीत फोन लागत नाही हे आम्हाला कळत होते, पण तेवढ्यापुरतेच. तिचे बाबा शोधायला गेले. आकाशपाळण्याजवळ ती मैत्रिणींबरोबर हसत उभी असलेली दिसली, आणि हा एरवी शांत असणारा माणूस सगळ्यांसमोर तिच्यावर इतका ओरडला की शेजारच्या दुकानातली माणसे बाहेर आली. घरी आल्यावर ती एक शब्द न बोलता खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

दुसरा दिवस रविवार होता. अप्पा यात्रेसाठी आमच्याकडेच राहायला आलेले होते आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून होते. मी स्वयंपाकघरात होते. नऊच्या सुमारास तिच्या बाबांनी दारावर टकटक केली आणि विचारले, "आत येऊ का?"

"नको."

"बरं. मी इथं बाहेरच आहे."

मला वाटले की ते आता पेपर घेऊन बसतील. ते स्वयंपाकघरात आले, चटणीसाठी आणून ठेवलेली शेंगांची पिशवी आणि सूप घेतले, तिच्या दारापासून दोन हातांवर भिंतीला टेकून खाली बसले आणि शेंगा फोडू लागले. अंगठ्याने टरफल दाबल्याचा टक् असा बारीक आवाज आणि दाणे सुपात पडल्याचा आवाज, एवढेच घरात ऐकू येत होते. अर्धा तास गेला असेल. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. टरफलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. मग कडी निघाली. ती बाहेर आली, त्यांच्याकडे न बघता समोर बसली आणि तिनेही मूठभर शेंगा पुढे ओढल्या. दोघे मिळून आणखी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मग ते म्हणाले, "काल तुझ्या मैत्रिणींसमोर मी ओरडलो, ते माझं चुकलं. जीव घाबरा झाला होता. पण म्हणून तसं बोलायला नको होतं. उशिराबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, पण ते वेगळं."

ती म्हणाली, "फोन लागत नव्हता बाबा. आणि तू ऐकूनच घेतलं नाहीस."

"नाही घेतलं. आता सांग."

तिने सांगितले. त्यांनी ऐकले. पुढच्या वेळी फोन लागो न लागो, ठरलेल्या वेळेला चार हुतात्मा पुतळ्याजवळ येऊन थांबायचे असे दोघांनी ठरवले. उशीर झाला म्हणून त्या आठवड्यात पुन्हा गड्ड्याला जायचे नाही, हेही ठरले, आणि तिने तोंड वाकडे करून का होईना ते मान्य केले. माफी मागितल्यामुळे बापाचा वचक जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा. त्यांनी ओरडणे मागे घेतले होते, नियम मागे घेतला नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगते. माझी मुलगी बाबांना 'अरे-तुरे' करते आणि सासूबाईंना ते अजून खटकते. मी स्वतः अप्पांना जन्मभर 'अहो' म्हणत आले. 'अरे' म्हटल्याने बाप जवळचा होतो असे मात्र मला अनुभवाने वाटत नाही. यंत्रमागावरच्या त्या बाबांची मुलगी त्यांना 'तुम्ही' म्हणते, आणि फोन फोडणाऱ्या मित्राला जीव लावणारी ती मुलगी आपल्या पप्पांना 'तू' म्हणत असे.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेला 'निश्चल चेहरा' नावाचा प्रयोग मी दर वर्षी वर्गात शिकवते. बाळाशी हसत खेळत असलेली आई अचानक चेहरा कोरा करून बसते. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच उपयोग होत नाही असे दिसले की मान फिरवते आणि रडू लागते. काही क्षणांनी आई पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागते आणि बाळ सावरते. सुरुवातीची अनेक वर्षे माझे सगळे लक्ष त्या कोऱ्या चेहऱ्याकडे असायचे, कारण मला त्यात अप्पा दिसायचे. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामात भर आहे तो सावरण्यावर. प्रेमळ घरांतही आई-बाप आणि मूल यांचे सूर सतत चुकत असतात, ते पुन्हा जुळवले जातात, आणि त्या पुन्हा जुळण्यातून मुलाला कळते की बिघडलेले नीट होते. कमिंग्ज यांनाही भांडणांच्या अभ्यासात असेच आढळले. मोठ्यांचे भांडण मिटलेले पाहिले की मुलांचा ताण पुष्कळ कमी होतो. भांडण डोळ्यांसमोर मिटले नसले, तरी ते मिटले आहे हे कुणी सांगितले तरीही फरक पडतो.

आपल्या घरांमध्ये ही जुळवाजुळव बहुधा आईकडे सोपवलेली असते. "जा, पप्पांना जेवायला बोलाव, म्हणजे राग जाईल." "त्यांच्या मनात काही नसतं रे, बोलून दाखवत नाहीत इतकंच." माझ्या आईने ही वाक्ये हजारदा म्हटली असतील. तिच्या मायेविषयी मला शंका नाही. पण वडिलांच्या मनातले दुसऱ्या कुणी सांगितले की मूल ते ऐकते आणि आपल्या डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवते. शिवाय घरात एकाने रागवायचे आणि दुसऱ्याने मनधरणी करायची हा धडाही त्यातून मिळतो. मुलगे पहिली भूमिका उचलतात, मुली दुसरी. पंचवीस वर्षांनी दुसऱ्या एखाद्या घरात तेच नाटक नव्या पात्रांसह सुरू होते.

जूनमध्ये माझ्या मुलीचा एक जवळचा मित्र अचानक तिच्याशी बोलायचा थांबला. ती दोन दिवस रडली, जेवली नाही. मी मनातून फार घाबरले, कारण तिच्या जागी मला चौदा वर्षांची मी दिसत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी त्याला दोनदा विचारलं. त्याला राग आला असेल तर त्यानं सांगायला हवं ना? मी अजून किती विचारू?" आणि ती क्लासला निघून गेली. एका रविवारच्या शेंगांमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. मुलाचा स्वभाव असतो, मैत्रिणी असतात, शाळा असते, आई असते. पण राग आलेल्या माणसाने ते सांगायचे असते आणि परत यायचे असते, हे तिने गृहीत धरले होते. तिच्या वयाची असताना मला ते गृहीत धरता आले नसते.

ज्यांच्या घरी वडील नाहीत, वारले आहेत किंवा सोडून गेले आहेत, अशी मुलेही माझ्या वर्गात असतात, आणि हे लिहिताना त्यांचे चेहरे माझ्यासमोर आहेत. मामा, आजोबा, एखादे शिक्षक किंवा एकट्या आईने ही जागा भरून काढल्याचे मी पाहिले आहे. मोठेपणीही हा बंध बदलू शकतो. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या कामात पालकांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी मुलाखती घेऊन विचारले होते. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा ते माणूस किती सुसंगतपणे सांगू शकते हे त्यांना महत्त्वाचे वाटले. कष्टाचे बालपण गेलेली काही माणसेही ते न लपवता, न चिडता, नीट सांगू शकत होती, आणि त्यांच्या मुलांचा त्यांच्याशी असलेला बंध सुरक्षित होता.

त्या रविवारी दुपारी मी अप्पांना शेंगांची चटणी आणि कडक भाकरी वाढली. ते बराच वेळ चटणीवर तेल घालत बसले. बाहेरच्या खोलीतून त्यांनी सकाळचे सगळे ऐकले होते. मग मान वर न करता म्हणाले, "तू तेव्हा आठवीत होतीस ना? तो हंडा वाहिला तेव्हा?"

मी हो म्हटले. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"मला रोज बोलायचं असायचं. सुरुवात कशी करायची तेच समजायचं नाही. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं." आणि मग, थोड्या वेळाने, "दहा-बारा दिवस झाले असतील."

"अकरा," मी म्हटले.

"अकरा," ते म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

ते दोन दिवसांनी माझ्या भावाकडे परत गेले. पूर्वी त्यांचा फोन आला की "सगळं बरं आहे ना?" एवढे विचारून ते ठेवून देत असत. आता दर रविवारी सकाळी नऊला फोन येतो. पहिल्यांदा नातीला बोलावतात, तिला सोलापुरी बोलीत "काय करलालास?" म्हणून विचारतात, तिचे उत्तर पूर्ण ऐकतात, आणि मग फोन माझ्याकडे द्यायला सांगतात. माझ्याशी बोलताना मध्ये मध्ये ते गप्प होतात. मी काही विचारत नाही, घाई करत नाही, फोन कानाला लावून थांबते. पलीकडून त्यांच्या श्वासाचा आवाज येत असतो, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा बोलू लागतात.